धैवत नसलेली चाल

लग्नात वाजवणारे बँडवाले फौजेचा पोशाख का घालतात, हे मला आजवर निदान शंभर लोकांनी विचारलं असेल. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी, छातीवर बटणांच्या दोन ओळी. आम्ही नवरदेवाला मांडवात न्यायला निघालो की किल्ला घ्यायला, हे बघणाऱ्याला कळू नये. माझं उत्तर ठरलेलं आहे. इंग्रजांची पलटण नागपूरजवळ कामठीला होती आणि पलटणीचा बँड होता. पलटण गेली, पण बाजे राहिले, वाजवणारे राहिले आणि त्यांचे कोटही राहिले. लढाया बंद झाल्यावर त्यांनी लग्नं धरली.

हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. माझी पहिली क्लॅरिनेट मी कामठीच्याच एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडून घेतली. तीन दिवस रोज जाऊन घासाघीस केली, तेव्हा त्यानं सांगितलं. माणसाला किंमत कमी करायची नसते तेव्हा तो गोष्टी सांगत बसतो. मी गोष्टीही ऐकल्या आणि किंमतही कमी करून घेतली.

इतिहासाशी माझा संबंध एवढ्यावरच राहिला असता तर बरं झालं असतं. पण सौंसरच्या एका शाळामास्तरांनी मला इतिहासात ढकललं, आणि तेही माझं नाव गाळून.

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत, वरात मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे निघाली की आजही एक चाल वाजते. तिला बोल नाहीत, ती कुठल्या सिनेमातली नाही. ती माझी आहे. मी ती ऐंशीच्या दशकात, एका उन्हाळ्यात, छोट्या लाईनच्या गाडीत बसून बांधली. छापील पुस्तकात मात्र ती भोसल्यांच्या काळातली आहे असं लिहिलं आहे. पुस्तक खरं मानायचं तर माझं वय दोनशे वर्षांच्या वर जातं.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावून सांगतो. बँडमध्ये कागद नसतो. मास्तर, म्हणजे क्लॅरिनेटवाला, सिनेमाचं गाणं कानानं उचलतो, बाकीच्यांना तोंडानं गाऊन दाखवतो आणि दोन दुपारींत गाणं बसतं. दुसऱ्या बँडची चांगली चाल ऐकली तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून तीही उचलायची. याला आमच्यात कोणी चोरी म्हणत नाही. मी स्वतः नरखेडच्या एका बँडची अर्धी गाणी अशीच डोक्यात भरून आणली होती.

आणि सुपारी घ्यायची, म्हणजे लग्न ठरवायचं, ते घासाघीस करूनच. लोकांना वाटायचं शालिक मास्तर पैशासाठी भांडतो. पैशावर मी शेवटी यायचो. आधी माझ्या अटी असायच्या. वरात किती चालणार ते आधी सांगा. रुमाल दातात धरून जमिनीवर लोळणारी पोरं किती आहेत तेही सांगा, कारण एकेक पोरगा अर्धा तास खातो. आणि बँड जेवेल तो मांडवात, पहिल्या पंगतीत. आम्ही बौद्ध. काही गावांत बँडवाल्यांच्या पत्रावळी मांडवामागे, खरकट्याच्या बाजूला मांडायचे. एका गावी आधी कबूल करून ऐनवेळी तसंच केलं.  उठलो आणि माणसं घेऊन बस स्टँडवर जाऊन बसलो. नवरदेव घोड्यावर तसाच बसून. थोड्या वेळानं नवरदेवाचा मामा सायकल हाणत आला.

"मास्तर, चला ना जी, घोडा बिथरून राहिला!"

"घोड्याले सांगा, आम्ही जेवल्यावर येतो."

आम्ही जेवूनच वाजवलं. बसलो पहिल्याच पंगतीत. माझ्या रागाबद्दल लोक बरंच बोलतात. त्या रागानं सात माणसांना मांडवात बसवलं, हे कोणी बोलत नाही.

आता त्या चालीबद्दल. लोधीखेड्याची सुपारी होती आणि माणसं तालेवार होती. तिथं नाव झालं तर त्या बाजूची सगळी लग्नं आपली, असा माझा हिशेब. पांढुर्ण्याहून बसच्या टपावर ढोल बांधून आम्ही सौंसरला आलो आणि तिथून छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची गाडी धरली. ही गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं. डबा इतका अरुंद की समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांत. उतरून लघवी करून पुन्हा पळत येऊन चढता यायचं, असं लोक सांगायचे. मी करून पाहिलं आहे. पळावं लागत नाही.

डब्यात संत्र्यांच्या टोपल्या होत्या. एका वळणावर गाडीनं हिसका दिला आणि वरच्या फळीवरची टोपली थेट माझ्या मांडीवर आली. क्लॅरिनेट मी मांडीवर उघडी ठेवली होती. ही माझी चूक. एवढं वाजवायला जातो म्हणून चारचौघांना दिसावी, ही हौस. संत्री डबाभर घरंगळली. क्लॅरिनेट उचलून पाहतो तर वरची एक चावी वाकलेली आणि तिच्याखालची चामड्याची गादी गायब.

क्लॅरिनेटचं असं असतं की एक भोक उघडं राहिलं तर सगळा वारा तिथून निघून जातो आणि एकही सूर धड लागत नाही. सांध्यांना लावायला पेटीत मेणाचा तुकडा असतो. मी ते भोक मेणानं बुजवलं आणि वरून दोरा गुंडाळला. बाकीचे सूर बोलू लागले. फक्त त्या चावीचा सूर गेला. सा रे ग म प ध नी, यातला ध. म्हणजे धैवत.

एका सुरानं काय होतं, असं तुम्हाला वाटेल. आमच्यासोबत साईड ड्रम वाजवणारा किसन होता. माझा लहानपणचा मित्र, जीभ कात्रीसारखी. त्यालाही तसंच वाटलं.

"एकच तं सूर गेला मास्तर. खाऊन टाका त्याले."

मी एक चालू गाणं वाजवून दाखवलं. जिथं धैवत यायचा तिथं खड्डा. दुसरं वाजवलं, तिथंही खड्डा. समोरची बाई पदराआड हसायला लागली. किसन म्हणाला, "हे तं दात पडलेल्या मानसानं गाऊन राहिल्यासारखं वाटते."

लोधीखेडा यायला अर्धा-पाऊण तास होता. तिथं वरातीपुढं उभं राहून दात पडलेलं गाणं वाजवलं असतं तर नाव झालं असतं खरं, पण ते नको तसं. बाजातच जो सूर नाही तो चालीतही नको, एवढं एक डोक्यात धरलं आणि धैवताला वळसा घालून जाणारी चाल शोधायला लागलो. प वरून थेट नी वर उडी मारायची, तिथून वरच्या सा ला टेकायचं आणि उतरताना पुन्हा तीच उडी. ठेका गाडीनंच दिला. रुळांच्या जोडावरून चाकं जायची तेव्हा दोन ठोके जवळ पडायचे, तिसरा जरा लंगडत यायचा. किसननं काड्या काढल्या आणि बाकाच्या कडेवर तो लंगडा ठेका धरला. मी वाजवलं, बाकीच्यांना गाऊन दाखवलं, पुन्हा वाजवलं. संत्रीवाला टोपलीवर ताल देऊ लागला. मघा हसणारी बाई म्हणाली, "आता बरं लागून राहिलं बाप्पा."

तिचं नाव मी विचारलं नाही. आज ती माझी साक्षीदार झाली असती.

मारुतीच्या देवळापासून आम्ही ती चाल उचलली आणि वरात अशी चालली की घोडासुद्धा लंगड्या ठेक्यात पाय टाकू लागला. त्या उडीपाशी लोकांचे खांदे आपोआप वर जायचे. लोक म्हणाले, पुन्हा. मी वाजवली. लग्न झाल्यावर नवरीच्या काकानं विचारलं, "कोनत्या पिच्चरचं हाय जी?" आमची आहे, असं सांगावं ना? मी म्हटलं, "नवीन आहे, पिच्चर यायचाच आहे अजून." धंद्यात नवीन पिक्चरचं गाणं म्हटलं की भाव वाढतो. ही माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

पुढच्या लग्नसराईत मोहगावच्या बँडनं ती चाल उचलली, मग सौंसरच्या, मग सावरगावच्या. सावरगाव म्हणजे आमच्या पांढुर्ण्यासमोर, जाम नदीच्या पलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारतो आणि तुळशीचं लग्न उरकलं की एकमेकांच्या मुली मागायला जातो. असंच एक लग्न होतं. दोन्हीकडचे बँड पुलावर समोरासमोर आले आणि दोघांनीही तीच चाल धरली. लोकांनी दोन्ही बँडांचं कौतुक केलं. मी मिशीत हसलो. धैवत कोणीच लावत नव्हतं. त्यांच्या बाज्यांत धैवत धडधाकट होता, पण चाल जशी ऐकली तशी उचलली. माझ्या बाजाचं दुखणं त्यांनी चालीचं रूप समजून घेतलं होतं. मीही त्या बाजाचं मेण काढलं नाही, सिनेमाची गाणी दुसऱ्या बाजावर वाजवायचो. चाल चालतेय तर कशाला हात लावा.

मग ते पुस्तक आलं. सौंसरच्या एका शाळेची स्मरणिका. त्यात ठोंबरे गुरुजींचा लेख. गुरुजी इतिहास शिकवायचे. आमच्या भागातली नाणी, शिलालेख, जुन्या विहिरी, सगळ्यांची टिपणं ठेवायचे. किसननं लेख मला वाचून दाखवला. ही मिरवणुकीची चाल नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या कूचाची असावी. तिचा लंगडा ठेका घोड्यांच्या चालीचा आहे. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तिच्यात धैवत नाही. एवढा सूर गाळणं आजच्या वाजवणाऱ्याला सुचणार नाही. यावरून चालीचं प्राचीनत्व सिद्ध होतं.

किसन हसून हसून खाटेवरून पडला. "मास्तर, तुम्ही प्राचीन हो! तुमच्यावर पुरातत्त्वाची पाटी लावू."

मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेटची पेटी काखेत मारून सौंसरला गेलो. गुरुजी ओट्यावर वही तपासत बसले होते. बारीक अंगाचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बसा म्हणाले, पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली.

"गुरुजी, तुमच्या लेखातली चाल माही आहे."

"तुमची म्हणजे? तुम्ही वाजवता ती."

"मी केली ती. लोधीखेड्याच्या गाडीत. धैवत नाही कारन माह्या बाजात धैवत नव्हता. हे पाहा मेन."

त्यांनी क्लॅरिनेट हातात घेतली, चष्मा वर करून मेण पाहिलं, नखानं टोकरलं. मग शांतपणे म्हणाले, "शालिकराव, मेण आजही लावता येतं. काल लावलं नाही कशावरून?"

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी काही बोलणार तोच आतून काठी टेकत त्यांची आई आली. ऐंशीच्या घरातली, दात नाहीत, कान मात्र तिखट.

"कोन भांडून राहिलं रे?"

"आजी, मी बँडवाला शालिक. तुम्हाले ती वरातीची चाल माईत आहे का?" मी दोन ओळी वाजवल्या.

म्हातारीनं डोळे मिटले. "हाव तं. माह्या लग्नात हेच वाजत होतं."

"आजी, तुमच्या लग्नात क्लॅरिनेट कुठली? सनई असंल."

"सनईवर हेच वाजत होतं. मी डोक्यावरून पदर घेऊन आयकलं. तू तवा जन्माले तरी आलता का?"

गुरुजी माझ्याकडे बघून हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी खिशातून पेन काढून आईचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

मी पेटी बंद करून निघालो, तेव्हा दारात त्यांची मुलगी पुष्पा आली. "बाबा, माह्या लग्नात हाच बँड पाहिजे." तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मी तिथंच थांबलो. सौदा समोर चालून आला की माझा राग आपोआप थंड होतो.

"वाजवतो," मी म्हटलं. "माही एक अट. त्या चालीत धैवत कुठं बसतो हे दुनियेत एकट्या मले माईत आहे, कारन मीच तो काढला. मी चावी दुरुस्त करतो आनि तुमच्या मांडवापुढं चाल पुरी वाजवतो. लोकांनी म्हटलं की हीच खरी, तं तुम्ही पुढच्या स्मरणिकेत माझं नाव छापायचं. शालिक मास्तर, पांढुर्णा."

गुरुजींनी विचार केला. "आणि लोक नाही म्हणाले तर?"

"तं मी या जन्मात हा विषय काढनार नाही."

"सर्वांसमोर ठरलं?"

"ठरलं."

नागपूरला जाऊन चावी दुरुस्त करून आणली. मेण काढलं, नवी गादी बसवली. घरी चाल धैवतासह वाजवून पाहिली. आता प वरून उडी नव्हती, मधली पायरी आली होती. गोड लागत होती. चारदा वाजवली, चारही वेळा गोड लागली. किसन मात्र खाली बघून काड्या पुसत होता. तो गप्प असला की मला आवडत नाही.

"काय झालं बे?"

"काही नाही मास्तर. बरोबर आहे. म्हंजे, बरोबर आहे, पन लंगडत नाही."

"गाण्यानं कायले लंगडायचं?"

"मले काय माईत. वाजवा तुम्ही."

वैशाखातल्या त्या संध्याकाळी सौंसरच्या मारुतीपासून वरात निघाली. पुढं गुरुजींच्या शाळेतले मास्तर, तालुक्याच्या कचेरीतली माणसं, मागं निम्मं गाव. आजीला खुर्चीत बसवून मांडवाच्या दाराशी आणलं होतं. मी गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मी चाल उचलली आणि धैवत लावला. स्वच्छ, भरलेला, कामठीच्या म्हाताऱ्यानं ऐकला असता तर त्यानं पाठ थोपटली असती.

नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. त्या जागेवर खांदे वर जायचे ते निम्मे वर गेले, निम्मे राहिले, आणि एक पोरगा दुसऱ्याच्या पायावर पडला. मला वाटलं पहिल्यांदा आहे, सवय होईल. मी पुन्हा लावला, जरा जोरात. आता मागून कोणीतरी ओरडलं, "चुकलं!" दुसरा ओरडला, "ओ मास्तर, झोपून राहिले का?" आणि मांडवाच्या दारातून म्हातारीचा आवाज आला, सगळ्यांच्या वर:

"अरे बाप्पा, याले चाल येत नाही! कोन आनला हा?"

तीस वर्षं फुंकत आलो, भर रस्त्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्याच चालीवर!  वाटलं, इथंच बाजा खाली ठेवावा आणि बस स्टँड गाठावा. किसन काड्या न थांबवता माझ्या कानाशी आला.

"मास्तर, पोरीचं लग्न आहे. मेन लावा."

मेण कशाला लागतं? धैवताचं बोट उचललं नाही की झालं. पुढच्या फेऱ्याला मी ते बोट दाबून धरलं आणि प वरून नी वर उडी घेतली. सगळे खांदे एकदम वर गेले. पोरं ओरडली. पुष्पाच्या मैत्रिणी नाचायला लागल्या. म्हातारी खुर्चीत बसून काठी आपटत होती, बरोबर लंगड्या ठेक्यावर. चार फेरे वाजवली तरी सोडेनात.

जेवणाच्या वेळी गुरुजी स्वतः वाढायला आले. पहिली पंगत, मांडवाच्या मधोमध. माझ्या पानात बुंदी टाकत हळूच म्हणाले, "शालिकराव, चाल तुमचीच आहे. मला आज पटलं."

"कसं?"

"दुसऱ्याची असती तर तुम्ही इतक्या बेफिकीरपणे बिघडवली नसती. जुन्या गोष्टीला माणूस भीत भीत हात लावतो."

मी पान सोडून त्यांच्याकडे पाहिलं. "मंग छापा ना माझं नाव."

"पैज पैज आहे," गुरुजी म्हणाले. "सर्वांसमोर ठरली होती. तुम्ही सौदा मोडणारे नाही असं ऐकून आहे." आणि पुढच्या पानाकडे गेले.

आयुष्यात मला सौद्यात हरवणारा तो एकच माणूस. मी शब्द पाळला. गुरुजी होते तोवर तोंड उघडलं नाही. आता ते नाहीत, आजी तर कधीच गेली, छोटी लाईनही राहिली नाही. पैज "मी हा विषय काढणार नाही" अशी होती. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तो काढला, मी फक्त उत्तर देतो आहे. यात सौदा मोडत नाही, मी नीट तपासून पाहिलं आहे.

बाजा मी सोडला त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या मुलीच्या लग्नाला सावरगावला गेलो होतो. वरातीपुढं एक तरुण मास्तर, बाजा नवा कोरा, चांदीसारख्या चाव्या. मारुतीपासून त्यानं तीच चाल उचलली. मला राहवलं नाही. मधल्या थांब्याला त्याच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "बाळा, त्या उडीच्या जागी एकदा धैवत लावून पाहा."

त्यानं माझ्या पिकल्या केसांकडे पाहून आधी पायाला हात लावला. मग नम्रपणे म्हणाला, "नाही जी काका. जुनी चाल आहे. तिच्यात आपल्याले काही करता येत नाही."

"कोनाची आहे?"

"कोनाची म्हंजे? आपलीच."

आपली म्हणजे कोणाची, ते नीट सांग, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण त्यानं बाजा ओठाला लावला आणि वरात निघाली. मी मागून चालत राहिलो. उजव्या हातात काठी होती, तिच्या मुठीवर डाव्या हाताची बोटं आपोआप चालत होती. धैवताची जागा आली. ते बोट मी उचललं नाही.